ईएफबी ॲप निवडायचंय? मग ॲप सगळ्यात शेवटी निवडा

फ्लाइंग स्कूलचा प्रवेश पक्का झाला की मुलांच्या आणि पालकांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास येतो: फोरफ्लाइट घ्यायचं की गार्मिन पायलट? ही दोन्ही ईएफबी, म्हणजे पायलटाच्या कागदी नकाशांची जागा घेणारी टॅबलेटवरची ॲप्स. प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर चौथा लागतो. आधी तीन गोष्टी ठरू द्या. तुम्ही कोणत्या देशात उडणार, तुमची शाळा आणि इन्स्ट्रक्टर काय वापरतात, आणि हातात टॅबलेट कोणता असणार. या तिन्हींची उत्तरं मिळाली की ॲपचा निर्णय बहुतेक वेळा झालेलाच असतो. आधी ॲप घेतलं आणि मग शाळा गाठली, तर वर्षाची वर्गणी पाण्यात जाऊ शकते.

हा लेख मुख्यतः अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. फ्लोरिडा, टेक्सस, ॲरिझोना, कॅलिफोर्निया इथल्या शाळांत आपली मुलंमुली जातात, आणि या ॲप्सचा बाजारही मुळात तिथलाच आहे. गोंदिया, धुळे, बारामती, नागपूर इथे शिकणाऱ्यांसाठी काय वेगळं आहे तेही पुढे येईल.

बॅगेत असतं काय?

ईएफबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्लाइट बॅग. पूर्वी पायलट जी जाडजूड बॅग ओढत विमानापर्यंत नेत, तिच्यात नकाशे, अप्रोच चार्ट (विमानतळावर उतरण्याचे नकाशे), मॅन्युअल्स असा कागदाचा ढीग असायचा. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीच्या पायलटांची ही बॅग सुमारे १६ किलोची होती. २०११ मध्ये एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, त्या कंपनीला उड्डाणाच्या सर्व टप्प्यांत आयपॅड वापरायची परवानगी दिली. २०१३ पर्यंत तिच्या विमानांतून हे कागद हद्दपार झाले.

विद्यार्थ्याच्या टॅबलेटवरचं ॲपही तीच कामं करतं, फक्त छोट्या प्रमाणावर. नकाशा दाखवतं आणि त्यावर तुमचं विमान कुठे आहे ते दाखवतं. मेटार (विमानतळावरचं आत्ताचं हवामान), टॅफ (तिथला पुढचा अंदाज), नोटॅम (पायलटांसाठीच्या सूचना) आणून देतं. मार्ग आखला की अंतर, हेडिंग, वेळ आणि इंधन काढून देतं. वेट अँड बॅलन्सचं, म्हणजे विमानाच्या वजनाचं आणि तोलाचं, गणित करतं, फ्लाइट प्लॅन फाइल करतं, लॉगबुक ठेवतं. विमानाचं हँडबुक आणि चेकलिस्टही त्यातच ठेवता येतात.

कायद्याच्या दृष्टीने बघितलं तर अमेरिकेत खासगी उड्डाणांसाठी, म्हणजे पार्ट ९१ खाली, अशा ॲपला एफएएची वेगळी मंजुरी लागत नाही. कागदाऐवजी टॅबलेट चालतो. अट एवढीच की विमानात जे उपकरण असणं बंधनकारक आहे, त्याची जागा टॅबलेट घेऊ शकत नाही. माहिती ताजी आणि बरोबर आहे याची जबाबदारी पायलट इन कमांडची. सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला, निघालात की पायलट इन कमांड तुम्हीच. एअरलाइन्सना मात्र रीतसर परवानगीच्या प्रक्रियेतून जावं लागतं. भारतात फ्लाइंग स्कूलचं स्वतःचं ट्रेनिंग मॅन्युअल असतं. कॉकपिटमध्ये टॅबलेट न्यायचा की नाही, सोलोला न्यायचा की फक्त ड्युअलला (इन्स्ट्रक्टरसोबत), याचं उत्तर तिथे आणि तुमच्या चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरकडे मिळेल. न विचारता गुडघ्यावर टॅबलेट बांधून विमानाकडे जाऊ नका.

पहिला प्रश्न: उडणार कुठे?

ॲप कितीही देखणं असलं तरी ते मुळात एका विशिष्ट देशाच्या नकाशांवर उभं असतं. अमेरिकेत एफएएचे सेक्शनल नकाशे (बाहेर बघत उडणाऱ्यांसाठीचे) आणि अप्रोच चार्ट सरकारी आहेत आणि डिजिटल स्वरूपात फुकट मिळतात. म्हणूनच तिथे एवढी ॲप्स उगवली आणि त्यांच्यात स्पर्धा टिकली. कॅनडात नकाशे नॅव्ह कॅनडा विकते, त्यामुळे त्या देशाचं कव्हरेज घेताना जास्त पैसे मोजावे लागतात. युरोपात हौशी पायलट आणि विद्यार्थी मोठ्या संख्येने स्कायडेमन वापरतात. ऑस्ट्रेलियात ओझरनवेज आणि ॲव्हप्लॅन ही तिथली घरची ॲप्स आहेत. मेलबर्नला शिकायला निघालेल्या मुलीने यूट्यूबवरच्या अमेरिकन मास्तरांचं ऐकून अमेरिकन नकाशांचा प्लॅन घेतला तर तो तिथे काही कामाचा नाही.

भारतात परिस्थिती आणखी वेगळी आहे. इथली अधिकृत माहिती विमानतळ प्राधिकरणाच्या ई-एआयपी या ऑनलाइन माहितीसंग्रहात असते. परदेशी ॲप उघडून मुंबई किंवा नागपूर शोधलं तर विमानतळ दिसेल, धावपट्टी दिसेल, जेपसन या नकाशे बनवणाऱ्या कंपनीचे चार्ट वेगळे पैसे भरून घेताही येतील. पण व्हीएफआर, म्हणजे नजरेने बाहेर बघत, उडणाऱ्या विद्यार्थ्याला हवा असतो तो जमिनीवरच्या खुणा आणि मनाईची क्षेत्रं दाखवणारा भरवशाचा नकाशा, आणि इथे अमेरिकेच्या सेक्शनलइतकी सोय नाही. ॲपच्या साध्या पार्श्वभूमी-नकाशावर निषिद्ध किंवा धोक्याचं क्षेत्र दिसलं नाही, म्हणून ते तिथे नाहीच असं समजू नका. शाळेने दिलेला रूट मॅप आणि ई-एआयपी यांच्याशी पडताळूनच पुढे जा.

फ्लाइट प्लॅनचंही तसंच. अमेरिकेत ॲपमधून प्लॅन फाइल करता येतो, व्हीएफआर प्लॅन उघडता आणि बंदही करता येतो. उतरल्यावर बंद करायला विसरलात तर ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने तुमचा शोध सुरू होतो, हे लक्षात असू द्या. भारतात क्रॉस कंट्रीला, म्हणजे दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या उड्डाणाला, एफआयसी (फ्लाइट इन्फर्मेशन सेंटर) नंबर आणि एअर डिफेन्स क्लिअरन्स लागतो. ते शाळेच्या ठरलेल्या पद्धतीनेच मिळतात, परदेशी ॲपमधलं 'फाइल' बटण दाबून नाही. म्हणून भारतात शिकणाऱ्याला माझा सल्ला असा: महागडी वर्गणी घाईने घेऊ नका. हवामान खात्याची ऑनलाइन ब्रीफिंग सेवा, ई-एआयपी आणि शाळेचे कागद यांच्यावर हात बसवा. टॅबलेट असलाच तर पीडीएफ मॅन्युअल्स आणि चेकलिस्टसाठी वापरा.

दुसरा प्रश्न: शाळेत काय चालतं?

हा प्रश्न एका ईमेलचा आहे, पण विचारायचा राहून जातो. काही शाळा एकाच ॲपवर सगळं चालवतात. विमानांची प्रोफाइल्स, वेट अँड बॅलन्सचे आकडे, चेकलिस्ट त्यांनी आधीच तयार करून ठेवलेले असतात आणि विद्यार्थ्याला फक्त खातं जोडायचं असतं. काहींच्या फीमध्ये वर्गणी धरलेली असते. काही ठिकाणी सोलो होईपर्यंत टॅबलेट उघडूच देत नाहीत, आणि मला तो नियम आवडतो. सुरुवातीच्या तासांत नजर बाहेर हवी: क्षितिज, नाकाची स्थिती, सर्किटमधली दुसरी विमानं. त्या वेळी मांडीवर चमकणारा पडदा फक्त नजर खेचून घेतो.

इन्स्ट्रक्टर जे ॲप वापरतो तेच घेण्यात आणखी एक साधा फायदा आहे. हेडसेटमध्ये तो म्हणाला, "रूट बदल आणि जवळचं एअरपोर्ट काढ," तर कुठलं बटण दाबायचं ते त्याला तुमच्या पडद्याकडे न बघता सांगता येतं. ॲप वेगळं असेल तर दोघांच्या माना खाली जातात. दोन ॲप्सच्या वैशिष्ट्यांच्या तक्त्यात ही गोष्ट कधीच नसते, पण शिकताना तिचं वजन सगळ्यात जास्त आहे.

तिसरा प्रश्न: टॅबलेट

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिप नसते. सेल्युलर मॉडेलमध्ये असते. घरात बसून दोन्ही आयपॅड सारखेच वागतात, कारण वाय-फायवरून जागेचा अंदाज येतो. विमान वर गेलं, वाय-फाय संपलं, की वाय-फाय मॉडेलवरचं छोटं विमान नकाशावर गोठतं किंवा दिसेनासं होतं. सेल्युलर मॉडेल घेतलंत तरी सिमकार्ड किंवा डेटा प्लॅन घ्यायची गरज नाही. जीपीएस उपग्रहांकडून थेट चालतं, मोबाइल कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. घरात आधीच वाय-फाय आयपॅड असेल तर तो फेकू नका, ब्लूटूथवर जोडायचा बाहेरचा जीपीएस रिसीव्हर घेतला की काम भागतं. अँड्रॉइडच्या अनेक टॅबलेटमध्ये वाय-फाय मॉडेललाही जीपीएस असतं, पण विकत घेण्याआधी त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात बघून घ्या.

आकाराचं म्हणाल तर सेसना १५२ किंवा १७२ च्या कॉकपिटमध्ये आयपॅड मिनी बरा. ८.३ इंचांचा पडदा मांडीवर मावतो, योकला, म्हणजे विमानाच्या स्टीअरिंगला, आडवा येत नाही. मोठा आयपॅड घरी बसून प्लॅनिंग करायला छान वाटतो, पण १५२ मध्ये शेजारी धिप्पाड इन्स्ट्रक्टर बसला की योक पूर्ण मागे ओढताना तोच टॅबलेट पोटात रुततो. नीबोर्ड (मांडीवर बांधायची पाटी) असो किंवा काचेला चिकटणारा माउंट, जमिनीवर एकदा कंट्रोल्स चारही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. पोलराइज्ड गॉगल असेल तर टॅबलेट आडवा-उभा करून तेही बघा, एका बाजूने पडदा काळा दिसू शकतो.

आणि उष्णता. ॲपल आयपॅड ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरायला सांगते. ॲरिझोनातला जुलै सोडा, आपल्या विदर्भातला मे महिना या मर्यादेच्या दहा अंश वर जातो, आणि रॅम्पवर उभ्या विमानाच्या बंद काचेआड तर विचारूच नका. तापला की आयपॅड आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो, शेवटी थर्मामीटरचं चित्र दाखवून बंद पडतो. थंड झाल्याशिवाय तो उठत नाही. उपाय साधे आहेत: प्रीफ्लाइट करताना टॅबलेट डॅशबोर्डवर ठेवू नका, कव्हरमधून काढा, गरज नसेल तेव्हा पडदा बंद ठेवा, वाऱ्याच्या झोतात धरा, उन्हात चार्जिंगला लावू नका.

आता ॲप

फोरफ्लाइट २००७ पासून आहे आणि अमेरिकेतल्या फ्लाइंग स्कूल्समध्ये तुम्हाला तेच सगळ्यात जास्त दिसेल. ते फक्त आयपॅड आणि आयफोनवर चालतं. ज्याच्याकडे अँड्रॉइड टॅबलेट आहे त्याच्यासाठी चर्चा इथेच संपते. नकाशा हाताळणं सहज आहे, आणि 'पॅक' नावाची सोय आहे, जी तुमच्या मार्गावरचं सगळं साहित्य आणि हवामान निघण्याआधी उतरवून घेते. २०१९ मध्ये बोइंगने ही कंपनी घेतली आणि २०२५ मध्ये जेपसनसकट थोमा ब्राव्हो या गुंतवणूक कंपनीला विकली. विद्यार्थ्याला याच्याशी काय करायचंय? एवढंच, की प्लॅनची नावं आणि किमती बदलत राहतात. कुणा सीनियरने दोन वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा धरून बजेट करू नका, कंपनीच्या संकेतस्थळावर आजचा दर बघा.

गार्मिन पायलट आयपॅडवरही चालतं आणि अँड्रॉइडवरही. शाळेच्या विमानात गार्मिनचे जी-१००० किंवा त्यांच्या नव्या पिढीचे पडदे असतील तर त्याची मांडणी ओळखीची वाटते, आणि सुसंगत उपकरण असेल तर टॅबलेटवर आखलेला मार्ग विमानाच्या यंत्रणेत वायरलेस पाठवता येतो. फोरफ्लाइटही अनेक पॅनेलांशी जोडता येतं. पण शाळेच्या जुन्या १७२ मध्ये ही जोडणी करणारं उपकरण बसवलेलंच नसतं, तेव्हा या मुद्द्यासाठी जास्त पैसे देण्याआधी विमान बघून या.

फुकट काही आहे का? आहे. अँड्रॉइडवर अव्हेअर हे मुक्त स्रोत ॲप अमेरिकेचे नकाशे फुकट देतं, आणि फ्लाइटप्लॅन गो हे २०१८ मध्ये गार्मिनकडे गेलेलं ॲप कित्येक विद्यार्थ्यांनी पैसे न भरता वापरलं. दिसायला ती जरा ओबडधोबड, शिकायला वेळ जास्त. पण 'फुकट म्हणजे धोकादायक' असं काही नाही, कारण मूळ नकाशे त्याच एफएएचे. पैसे बेताचे असतील, आणि शिक्षणासाठी कर्ज काढलेल्या घरात ते असतातच, तर वर्षाचे शंभराहून जास्त डॉलर वाचवून ते एखाद्या जादा तासाच्या उड्डाणाकडे वळवणं शहाणपणाचं आहे. फक्त इन्स्ट्रक्टरची संमती घ्या.

नकाशाचं वय

विमानवाहतुकीची माहिती जगभर २८ दिवसांच्या चक्राने बदलते. धावपट्टीची लांबी, फ्रिक्वेन्सी, अप्रोचची उंची, सगळं. अमेरिकेचे सेक्शनल नकाशे आता ५६ दिवसांनी नवे निघतात. मुदत संपलेला नकाशा उघडून निघणं म्हणजे गेल्या वर्षीच्या पंचांगातून यंदाचा मुहूर्त काढणं. ॲप मुदत संपल्याचं सांगतं, पण तुम्ही शेवटचं कधी उघडलं होतं यावर ते अवलंबून. नवं साहित्य रात्री घरच्या वाय-फायवर उतरवा, आणि मग एक परीक्षा घ्या: टॅबलेट एअरप्लेन मोडवर टाका, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, उद्याचा मार्ग आणि दोन्ही टोकांच्या विमानतळांचे तपशील बघा. नकाशाच्या जागी करडे चौकोन दिसले तर उद्या हवेतही तेच दिसतील.

डेटामुळे काय होऊ शकतं याचा नमुना एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने बघितला. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाचा एक चार्ट त्यांच्या चार्ट-डेटाबेसमध्ये दोनदा आला, पायलटांच्या आयपॅडवरचं ॲप कोसळलं आणि अनेक उड्डाणं खोळंबली. काही विमानं वाय-फाय मिळवायला गेटवर परत आली. आयपॅड ठणठणीत होते, बॅटरी भरलेली होती. तेव्हा 'माझा टॅबलेट नवा कोरा आहे' या भरवशावर राहू नका, आणि आयओएसचं नवं अपडेट क्रॉस कंट्रीच्या आदल्या रात्री घेऊ नका.

पडद्यावरचा पाऊस जुना असतो

अमेरिकेत जमिनीवरच्या केंद्रांकडून ९७८ मेगाहर्ट्झवर हवामान फुकट प्रसारित होतं. सेंट्री, स्ट्रॅटस किंवा गार्मिनचा छोटा रिसीव्हर घेतला की हवेत असताना रडारचं चित्र ॲपवर दिसतं. हाताने काही जोडायची आवड असेल तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा स्ट्रॅटक्स आहे. भारतात ही सेवा नाही, त्यामुळे हा रिसीव्हर घरी परतताना बॅगेत आणलात तरी इथे त्याच्यावर पाऊस दिसणार नाही. जीपीएस म्हणून वापरता येईल.

हे रडार फार आकर्षक असतं आणि म्हणूनच फसवतं. चित्राच्या कोपऱ्यात त्याचं वय लिहिलेलं असतं, समजा २ मिनिटं. ते वय सगळी रडारं जोडून चित्र तयार झाल्यापासूनचं. त्यातली मूळ निरीक्षणं त्याहून जुनी असतात. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने, एनटीएसबीने, २०१२ मध्ये इशारा दिला की काही वेळा खरी स्थिती दाखवलेल्या वयापेक्षा १५ ते २० मिनिटांनी जुनी असू शकते. याचा अर्थ काढू या. १७२ विमान ११० नॉट्सने (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) जात असेल तर २० मिनिटांत ती जवळपास ३७ नॉटिकल मैल जाते. ढग २५ नॉट्सने सरकत असेल तर तो आठेक मैल सरकलेला असतो. पडद्यावर दोन लाल ठिपक्यांमध्ये दिसणारी फट ही वीस मिनिटांपूर्वीची फट आहे. फ्लोरिडातल्या उन्हाळी दुपारी तेवढ्या वेळात नवा ढग उभा राहतो. हे चित्र दुरून वळायचं की परत फिरायचं हे ठरवायला उत्तम, फटीतून घुसायला अजिबात नाही.

तीच गोष्ट आजूबाजूच्या विमानांची. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत ठरावीक हवाई क्षेत्रांत एडीएस-बी आउट (विमानाची जागा सतत प्रसारित करणारं उपकरण) सक्तीचं आहे, सगळीकडे नाही. शहरापासून दूरच्या शेतांवरून उडणाऱ्या जुन्या पायपर कबमध्ये वीजच नसते, ते ॲपवर येणार कुठून? पडदा रिकामा असला तरी खिडकीबाहेर बघायचं काम संपत नाही.

ॲपने काढलेला आकडा कुठून आला?

विद्यार्थ्यांना मी सगळ्यात जास्त इथे थांबवेन. ॲप गणित चुकत नाही, पण त्याला दिलेला आकडा चुकीचा असेल तर उत्तरही तितक्याच रुबाबात चुकतं.

साधं उदाहरण घ्या. ६० नॉटिकल मैलांचा टप्पा. विमानाचा खरा वेग १०५ नॉट्स, समोरून १५ नॉट्सचा वारा, म्हणजे जमिनीवरचा वेग ९०. वेळ ४० मिनिटं. इंजिन तासाला साडेआठ गॅलन पीत असेल तर सुमारे ५.७ गॅलन. आता ॲपच्या प्रोफाइलमध्ये वेग १२० तसाच राहिला, कारण कुणीतरी ठेवलेला तयार नमुना तुम्ही बदलला नाही. ॲप ३४ मिनिटं सांगेल. सहा मिनिटांची चूक एका टप्प्यावर. प्रायव्हेट पायलटच्या चेकराइडमध्ये (प्रत्यक्ष उड्डाणाच्या परीक्षेत) चेकपॉइंटवर दिलेल्या वेळेच्या ५ मिनिटांत पोचणं, मार्गापासून ३ नॉटिकल मैलांत राहणं अपेक्षित असतं. तुमचा पहिलाच चेकपॉइंट चुकला. तोंडी हिशेबाने हा आकडा दहा सेकंदांत पकडता येतो: ९० नॉट्स म्हणजे मिनिटाला दीड मैल.

वजनाचं तर विशेष सांभाळा, कारण इथे आपली सवय आड येते. आपण किलोत बोलतो, अमेरिकन विमानांचं हँडबुक पाउंडात. सवयीने ७० टाइप केलं आणि रकाना पाउंडांचा असला, तर ॲपच्या मते तुमचं वजन खऱ्याच्या निम्म्याहूनही कमी. ७० किलो म्हणजे १५४ पाउंड. दोघांचं मिळून १६८ पाउंड गायब, म्हणजे जवळपास २८ गॅलन इंधनाचं वजन. आणि ॲपमधल्या '१७२' च्या नमुन्यात रिकाम्या विमानाचं वजन असेल ते नमुन्यापुरतं. प्रत्येक विमानाचं वजन आणि तोल वेगळा असतो, तो त्या टेल नंबरच्या (विमानाच्या नोंदणी क्रमांकाच्या) कागदावर लिहिलेला असतो. तिथूनच भरा. भारतात परतल्यावर युनिट्स पुन्हा बदला: इथे दाब हेक्टोपास्कलमध्ये, तिथे पाऱ्याच्या इंचांत.

म्हणूनच बरेच इन्स्ट्रक्टर पहिली क्रॉस कंट्री कागदावर करायला लावतात: सेक्शनलवर पेन्सिलीने रेघ, प्लॉटर, ई-६बी (हाताने फिरवायची गणनचकती), हाताने भरलेला नॅव्ह लॉग. मुलं कुरकुरतात. पण एफएएच्या लेखी परीक्षेत टॅबलेट चालत नाही, भारताच्या नियामकाच्या, डीजीसीएच्या, नॅव्हिगेशनच्या पेपरातही नाही, आणि चेकराइडला पायलटेज (जमिनीवरच्या खुणा बघून) आणि डेड रेकनिंग (वेग, दिशा, वेळ यांच्या हिशेबाने) करून दाखवावंच लागतं. तोंडी परीक्षेत परीक्षक टॅबलेटवरचा आकडा दाखवून "हे कुठून आलं?" असं विचारतो, आणि हवेत गेल्यावर "तुझा आयपॅड बंद पडला" असं म्हणून तो मागच्या सीटवर ठेवतो. अशा वेळी मांडीवर दुमडलेला नकाशा आणि पेन्सिल असली की काम भागतं.

टॅबलेट खरंच बंद पडला तर? फोनवर तेच ॲप, तेच खातं, तेच साहित्य आधीच उतरवून ठेवा. वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, दोन्ही एकाच उन्हात नको. जीपीएसच गेलं तर दोन्ही पडदे एकदम आंधळे होतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात लष्करी चाचण्यांमुळे जीपीएस विस्कळीत होण्याचे नोटॅम निघतात, आणि भारतात डीजीसीएने नोव्हेंबर २०२३ मध्ये याच विषयावर परिपत्रक काढलं. त्या वेळी उरतात व्हीओआर (जमिनीवरची रेडिओ केंद्रं), होकायंत्र, घड्याळ आणि खिडकी.

लॉगबुक: भारतात परतणाऱ्यांनी हे जरूर वाचा

ॲपमधलं लॉगबुक फार सोयीचं आहे. उड्डाण ओळखतं, वेळ भरतं, बेरजा करतं. अडचण अशी की त्या बेरजा एफएएच्या नियमाने होतात. तिथल्या नियमानुसार प्रायव्हेट पायलट झाल्यावर, ज्या विमानाचं रेटिंग आहे ते तुम्ही एकट्याने हाताळत असाल, तर शेजारी इन्स्ट्रक्टर शिकवत असतानाही तो वेळ पायलट इन कमांड म्हणून लिहिता येतो. डीजीसीए इन्स्ट्रक्टरसोबतचा ड्युअल वेळ पायलट इन कमांडमध्ये धरत नाही. भारतीय कमर्शियल लायसन्ससाठी एकूण २०० तास लागतात, त्यात १०० पायलट इन कमांडचे. ॲपवर १३० दिसत असतात आणि परत आल्यावर मोजायला बसलं की त्यातले कितीतरी ड्युअल निघतात. उरलेले तास मग इथे येऊन, वेगळे पैसे भरून पूर्ण करावे लागतात.

बहुतेक ॲप्समध्ये स्वतःचा रकाना तयार करता येतो. पहिल्या दिवसापासून एक रकाना ठेवा: इन्स्ट्रक्टर शेजारी नसताना उडवलेले तास. क्रॉस कंट्रीसाठीही तसाच, कुठून कुठे, किती नॉटिकल मैल, कुठे फुल स्टॉप उतरलात. ३०० नॉटिकल मैलांच्या लांब उड्डाणाचा मार्ग आखतानाच डीजीसीएची अट शेजारी ठेवा. आणि कागदी लॉगबुक सोडू नका. इन्स्ट्रक्टरच्या सह्या त्यावर शाईने घ्या, दर महिन्याला ॲपची बेरीज आणि कागदाची बेरीज जुळवा. शाळा सोडल्यावर एखाद्या इन्स्ट्रक्टरला एअरलाइनची नोकरी लागून तो देशाच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असतो, तेव्हा राहिलेली सही मिळवणं म्हणजे मोठी उस्तवार.

विकत घेताना

फोरफ्लाइट आणि गार्मिन पायलट दोन्ही नव्या वापरकर्त्याला महिनाभर फुकट वापरू देतात. हा महिना भारतात व्हिसाची वाट बघत जाळू नका. शाळेत पोचून पहिलं विमान दिसल्यावर सुरू करा, आणि एकाच वेळी दोन्ही चालू करू नका. घरी बसून एक खोटी क्रॉस कंट्री आखा, तीच कागदावरही आखा, आणि आकडे का जुळत नाहीत ते शोधा. मग मित्राला घड्याळ लावायला सांगा आणि बघा: मार्गातच दुसऱ्या विमानतळाकडे वळायचं ठरलं तर नवं हेडिंग, अंतर आणि टॉवरची फ्रिक्वेन्सी काढायला तुम्हाला किती वेळ लागतो. खुर्चीत बसून मिनिटभर लागत असेल तर हेलकावे खाणाऱ्या विमानात तीन लागतील. ज्या ॲपवर हे पटकन जमेल ते तुमचं.

सुरुवातीला सगळ्यात स्वस्तातला प्लॅन पुरतो. त्यात व्हीएफआर नकाशे, हवामान, प्लॅनिंग येतं. अप्रोच चार्टवर स्वतःचं विमान दिसणं, त्रिमितीय भूप्रदेश, तपशीलवार परफॉर्मन्स यांसारख्या सोयी सहसा वरच्या प्लॅनमध्ये असतात आणि त्यांची खरी गरज इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणं बघून उडण्याचं प्रशिक्षण) सुरू झाल्यावर लागते. तेव्हा प्लॅन वाढवता येतो. रिसीव्हरही पहिल्या दिवशी नको. आधी इन्स्ट्रक्टरचा किंवा शाळेचा वापरून बघा, घ्यायचाच झाला तर कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर असलेला घ्या. हिवाळ्यात हीटर लावलेल्या जुन्या पिस्टन विमानात तो उपयोगी पडतो.